घोंगडीची रिलीज डेट

कार्तिकीला आईबरोबर पंढरपूरला गेलो होतो. तिथे एका घोंगडीवाल्या आजोबांशी दोनशे रुपयांवरून अर्धा तास घासाघीस केली आणि जिंकलो! रात्री ती घोंगडी अंगाला टोचत होती, आणि खरं सांगायचं तर तो भावही. घरी आल्यावर मग थोडं वाचन केलं.

घोंगडी हे तीन हातांचं काम. धनगर दख्खनी मेंढीची लोकर कातरतात, बायका ती चरख्यावर कातून सूत काढतात आणि सणगर खड्डामागावर विणतात. ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी अशी कडक. कोकराच्या पहिल्या लोकरीची, म्हणजे जावळाची घोंगडी मऊ आणि महाग. १८८४ च्या सोलापूर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही सणगरांची नोंद आहे.

आता प्रश्न असा, की यात्रेतच का विकायची? म्हणजे बघा, आषाढीला पाऊस. वारकऱ्याला डोक्यावरून खोळ करून घ्यायला घोंगडी हवीच. कार्तिकीला थंडीची सुरुवात, त्यात खरीप निघालेलं, जनावरांचा बाजार भरलेला, शेतकऱ्याच्या हातात चार पैसे. विणकराचं भांडवल मालात अडकलेलं असतं, ते इथे मोकळं होणार. आमच्या भाषेत, रिलीज डेट ठरलेली आणि ती विठोबाने ठरवलेली. ती हुकली तर माल घेऊन गावोगावचे आठवडी बाजार फिरा.

मग बिघडलं कुठे? खोळीची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली. पानिपतला जुने कपडे पिंजून केलेली स्वस्त ब्लँकेटं गावागावात पोचली. मिलिटरी आणि कारखान्यांच्या मालाशी हाताचं काम किती पुरणार? तिकडे धनगरालाही लोकरीपेक्षा मटणात पैसा जास्त. जतकडची माडग्याळ मेंढी वजनाला चांगली, पण तिच्या अंगावर विणण्याजोगी लोकर नाही. म्हणजे मागणी गेली आणि कच्चा मालही आटला.

या सगळ्यात टिकून राहिलेल्या माणसाकडून मी दोनशे रुपये कमी करून घेतले, आणि तेही एका पिझ्झाच्या किमतीपेक्षा कमी! त्याला यात्रा संपायच्या आत माल खपवायचा होता. मला कसलीच घाई नव्हती. घासाघीस मी तिथेच जिंकलो होतो, हुशारी वगैरे काही नाही.

असो. पुढच्या कार्तिकीला भाव पाडायचा नाही असं ठरवलंय. आई म्हणते, "बघू."