जावक आणि पोच

शासकीय सेवेत रुजू झालो तेव्हा पहिला धडा मिळाला तो आवक-जावक बारनिशीचा. पत्राला जावक क्रमांक पडला म्हणजे काम झाले असे नव्हे. समोरच्या कार्यालयाची पोच येईपर्यंत ते वाटेतच आहे असे समजावे, असे एका वयोवृद्ध लिपिकाने मला बजावले होते. निवृत्तीनंतर बंगळूरच्या चामराजपेटेत राहावयास आलो आणि संगणकशास्त्र व संदेशवहन या विषयांची व्याख्याने घरबसल्या पडद्यावर पाहू लागलो, तेव्हा तोच धडा नव्या परिभाषेत पुन्हा भेटला. संगणकांच्या जाळ्यासाठी सर्फ आणि काह्न यांनी 1974 साली मांडलेल्या पद्धतीत पाठविलेल्या मजकुराची पोच ठरावीक वेळेत न आल्यास पाठविणाराच तो पुन्हा पाठवितो. जबाबदारी पाठविणाऱ्यावर असते, हे प्रशासकाने ध्यानी घेण्याजोगे आहे.

चामराजपेट ही 1892 साली जुन्या पेठेबाहेर आखून वसविलेली वसाहत. दहावे चामराज वडियार यांचे नाव तिला मिळाले. येथून जवळच, आजच्या कृष्णराजेंद्र बाजाराच्या परिसरात, 1905 च्या ऑगस्टमध्ये शिवनसमुद्रच्या विजेवर शहरातील पहिले रस्त्यावरचे दिवे लागले. वीज पोचली की नाही हे दिवा पाहून कोणालाही सांगता येते. विद्या पोचली की नाही, हे मात्र असे दिसत नाही. दूरशिक्षणाच्या आपल्याकडील इतिहासाची सारी अडचण येथेच आहे.

त्या इतिहासातील मोठे पर्व म्हणजे 'साइट' हा उपग्रह-दूरदर्शन प्रयोग. 1 ऑगस्ट 1975 ते 31 जुलै 1976 असे एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-6 उपग्रहाद्वारे सहा राज्यांतील सुमारे 2400 खेड्यांत थेट कार्यक्रम पोचविले गेले. सकाळी दीड तास शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास थोरांसाठी. कर्नाटकातून निवडलेले जिल्हे होते विजापूर, गुलबर्गा आणि रायचूर. म्हणजे आपल्या सोलापूर-सांगलीच्या शेजारचाच मुलूख. कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस हे या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते.

उपग्रहाचा संदेश एकमार्गी होता. खेड्यातील श्रोत्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. परंतु योजकांनी ही उणीव माणसांकरवी भरून काढण्याचा प्रयत्न केला. संच दुरुस्त ठेवण्यासाठी केंद्रे उभारली. काही खेड्यांत तर समाजशास्त्राचे अभ्यासक मुक्कामाला राहिले आणि लोक काय पाहतात, त्यातले काय घेतात, याची टिपणे करीत राहिले. पोच आणण्याचे काम त्यांनी केले.

पुढे 20 सप्टेंबर 2004 रोजी केवळ शिक्षणासाठी म्हणून 'एज्युसॅट' उपग्रह सोडण्यात आला. त्याच्या पथदर्शी टप्प्यात कर्नाटकातील विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाबरोबर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठही होते. येथे काही केंद्रांवरून विद्यार्थ्याला उलट बोलता येत होते. 2010 साली तो उपग्रह सेवेतून गेला. तोवर आयआयटी आणि येथील भारतीय विज्ञान संस्था यांनी 2003 पासून चालविलेल्या 'एनपीटीईएल'ची व्याख्याने इंटरनेटवर आली होती. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'ने संगणकाचे छोटे पाठ मराठी-कन्नडसह अनेक भाषांत दिले. परमुलखात वाढणाऱ्या मराठी मुलाला आपल्या भाषेत लिनक्स शिकता यावे, ही लहान गोष्ट नव्हे.

आता माझ्याविषयी. सेवेत असताना एका जिल्ह्यातील शाळांना दूरदर्शन संच व तबकड्या पुरविण्याच्या योजनेच्या पूर्तता अहवालावर माझी स्वाक्षरी आहे. शंभर टक्के पुरवठा, शंभर टक्के खर्च. दोन वर्षांनी त्यातील एका शाळेत सहज गेलो, तर संच कपाटात कुलूपबंद होता. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, वीज दुपारी नसते, आणि मोडला तर भरपाई कोणी द्यायची?" त्यांचे काही चुकले नव्हते. संच वापरात आहे का, हा रकानाच मी नमुन्यात ठेवला नव्हता. मी जावक मोजली होती.

हे आठवण्याचे कारण आमच्या वाड्यातील भाडेकरूंचा मुलगा. तो पदविकेला आहे. संदेशवहनाची सर्व व्याख्याने पाहिली, असे त्याने मला अभिमानाने सांगितले. क्लॉड शॅनन यांनी 1948 साली काय सिद्ध केले, असे विचारले तेव्हा तो गप्प झाला. साप्ताहिक स्वाध्याय त्याने एकही पाठविला नव्हता. "अंकल, व्हिडिओ बघताना सगळं कळतं. वही उघडली की काही येत नाही."

वाचकहो, हे वाक्य मला कोणत्याही अहवालापेक्षा खरे वाटले. आता दर रविवारी आम्ही दोघे बसतो. त्याने समजावयाचे, मी अडवावयाचे. मीही विद्यार्थीच असल्याने अडविणे मला सहज जमते. वाहिनीच्या क्षमतेच्या आत राहून, योग्य रीतीने जादा चिन्हे जोडून संदेश पाठविला तर गोंगाटातूनही तो हवा तितका निर्दोष पोचविता येतो, हे शॅनन यांचे म्हणणे त्याने मला समजावून सांगितले त्या दिवशी तिसरा रविवार होता.

उपग्रहापासून भ्रमणध्वनीपर्यंत आपण वाहिन्या पुष्कळ बांधल्या, आणि त्या बांधणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. मात्र यापुढे शिक्षणाची कोणतीही योजना लिहिणाऱ्या तरुण अधिकाऱ्यास माझी एकच विनंती आहे: नमुन्यात पोचेचा रकाना ठेवा, आणि तो भरण्यासाठी माणूस नेमा. त्याचा पगार अंदाजपत्रकात आधी धरा.