उंडा, ढेप आणि कटला

गळाला काय लावायचे, हे बुलढाणा जिल्ह्यात दोन गोष्टींवरून ठरत आले: पाण्यात कोणता मासा आहे आणि काठावरच्या शेतात काय पिकते. जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत वाटले जाते. उत्तरेची पूर्णा तापीला मिळते. पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीकडे जातात. खडकपूर्णा हीसुद्धा पूर्णाच, म्हणजे एकाच जिल्ह्यात एका नावाच्या दोन नद्या आणि दोघींचे समुद्र वेगळे.

धरणांपूर्वी या नद्या उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरत आणि मोठा मासा तिथेच सापडे. भोई-ढिवरांची भिस्त जाळ्यावर असे. गळ खोल, खडकाळ डोहासाठी. गोदावरीच्या खोऱ्यातला जुना मोठा मासा म्हणजे खवल्यांचा महसीर. कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन छापले, तेव्हा त्याच्या शास्त्रीय नावात ‘खुद्री’ हा देशी शब्दच ठेवला. या माशाला पाण्यावर झुकलेल्या उंबराची पडलेली फळे आवडतात, म्हणून उंबर हे सर्वांत सोपे आमिष. त्याखालोखाल गांडूळ आणि पिठाचा उंडा.

आमिषाचा विचार दख्खनमध्ये त्याहून कितीतरी जुना आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोदाचे स्वतंत्र प्रकरण असून कोणत्या माशाला कोणते खाद्य घालावे, हे त्यात सांगितले आहे. इंग्रजी अमदानीत मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये भारतातील गळाच्या मासेमारीवर आणि 1887 मध्ये खास तलावांतील मासेमारीवर पुस्तक लिहिले. राजाचा विनोद साहेबाच्या रजेचा छंद झाला, एवढाच फरक.

काठावरच्या शेतात काय पिकते, याचे इथले उत्तर कापूस. वऱ्हाडात, याच जिल्ह्यातल्या खामगावपर्यंत 1870 मध्ये रेल्वे आली ती कापसासाठी. सरकी आणि तिची ढेप गुरांसाठी घरोघर असतेच. तीच भिजवून मासे जमवायला चारा म्हणून पाण्यात टाकता येते. कापसाचा आणखी एक उपयोग आहे. नुसत्या कणकेचा उंडा पाण्यात लवकर विरघळतो आणि बारीक मासे तो टोचून संपवतात. कणीक मळतानाच पिंजलेल्या कापसाचे थोडे तंतू त्यात मिसळले, की उंडा गळाला धरून राहतो. तो बोटाला चिकटू नये, पण दाबला तर दबावा, इतपतच घट्ट हवा.

खरा बदल माशातच झाला. कटला, रोहू आणि मृगळ हे मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातले. त्यांचे बीज पूर्वी नदीतून गोळा करावे लागे. 10 जुलै 1957 रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले आणि बीज तयार करणे शक्य झाले. पुढे नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा यांसारख्या जलाशयांत महसीराची जागा कटल्याने घेतली. उंबर मागे पडले.

या तिघांना एकच आमिष चालत नाही. कटल्याचे तोंड वर वळलेले, त्याला मिशा नाहीत आणि तो वरच्या थरातले सूक्ष्म प्राणी खातो. त्याच्यासाठी सत्तूचा हलका, भुसभुशीत गोळा तरंगत्या खुणेखाली उथळ सोडतात. रोहूच्या ओठांना झालर असते. तो मधल्या थरात फिरतो, म्हणून त्याचे आमिष मध्यावर. मृगळ तळ चाळतो, म्हणून ढेपेचा जड गोळा थेट तळाशी. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, हाही तळाचाच, पण भिजवलेला मका किंवा हरभरा घेतो. यांपैकी कोणाच्याही जबड्यात दात नाहीत. दाणा घशातल्या दातांनी भरडला जातो; भिजवल्यावर तो शिजवून मऊही करतात.

गळ टाकायची जागा आदल्या दिवशी चारा टाकून ‘लावावी’ लागते. हिवाळ्यात पाणी गार पडले, की माशाचे खाणे मंदावते. तेव्हा चारा निम्म्यावर आणतात, कारण न खाल्लेला चारा तळाशी कुजतो आणि मासा ती जागा सोडतो.