पुरणाची साक्ष

कुंडलिकेच्या एका तीरावर रोहे, दुसऱ्या तीरावर अष्टमी. या अष्टमीत बेने इस्राएलींचे सिनेगॉग आहे, आणि गावाचे नाव ‘अष्टमकर’ या आडनावाच्या रूपाने समुद्रापार गेले आहे. रोहेकर, पेणकर, नवगावकर, किहीमकर ही त्याच मालिकेतली. गावे सुटली, आडनावे सुटली नाहीत. त्यांच्यासोबत आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे पुरणपोळी. इतिहासाच्या ग्रंथांत तिला सहसा जागा मिळत नाही. परंतु या समाजाच्या बाबतीत तिची योग्यता पुराव्याची आहे, असे आम्हांला वाटते.

बेने इस्राएल हे कोकणात शतकानुशतके वसलेले ज्यू. मातृभाषा मराठी, पारंपरिक धंदा तेल गाळण्याचा. शनिवारी त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. धर्मग्रंथ हाती राहिले नव्हते. राहिले ते शनिवारचे पालन, सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि अन्नाचे विधिनिषेध. परंपरा सांगते की, कोचीनहून आलेल्या डेव्हिड रहाबी यांनी या समाजातील स्त्रियांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. रहाबींना ओळख पटली. एका समाजाची ओळख पोथीवरून नव्हे, विळीपाशी पटली, असे सांगणारी ही कथा आहे.

त्यांच्या सणांची नावेही पाहण्यासारखी आहेत. रोश हशाना हा ‘नव्याचा सण’, योम किप्पूर हा ‘दारफाळणीचा सण’, आणि पुरीम ही ‘होळी’. पुरीम अदार महिन्याच्या चतुर्दशीचा, होळी फाल्गुन पौर्णिमेची. दोन्ही पंचांगे चंद्राची, म्हणून हे सण पुष्कळदा जवळजवळ येतात. शेजारच्या घरात पुरण शिजते, त्याच सुमारास या घरातही शिजते. वरवर पाहणाऱ्याला ही शेजाऱ्यांची नक्कल वाटेल.

परंतु कृती नीट वाचली पाहिजे. ज्यू आचारात मांसाच्या जेवणाबरोबर दूध, लोणी, तूप चालत नाही. पुरणात मुळातच दूध नाही: हरभऱ्याची डाळ, गूळ, वेलची, जायफळ. कणीक तेलात तिंबली, पोळी तेलावर भाजली आणि वरून तूप सोडले नाही, की ती मटणाच्या जेवणातही निषिद्ध ठरत नाही. जिथे गोडाला दूध हवेच, तिथे नारळाचे दूध. नव्याच्या सणाचा गव्हाच्या चिकाचा हलवा नारळाच्या दुधात होतो, तो याच कारणाने. आता कोकणात शिरवाळ्यांबरोबर नारळाचा रस इतर घरांतही असतो. नारळ तोच, रसही तोच. एका घरी तो परसातला आहे म्हणून, दुसऱ्या घरी धर्माज्ञा आहे म्हणून. चव दिसते, नियम दिसत नाही.

सारणाने साक्ष देण्याचे उदाहरण युरोपातही आहे. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकात, आलुबुखार आटवून त्याचे ‘पोविदला’ हे घट्ट सारण करतात व ते ‘कोलाच’सारख्या गोड पावांत भरतात. 1731 साली म्लादा बोलेस्लाव येथील डेव्हिड ब्रँडाइस या ज्यू व्यापाऱ्यावर, त्याच्याकडचे पोविदला खाऊन एक ख्रिस्ती पुस्तकबांधणीकार मेला, असा आळ आला. त्याला तुरुंगात टाकले. मृत्यू आजाराने झाल्याचे निष्पन्न होऊन पुरीमच्या अगदी तोंडावर तो सुटला. त्याच्या घराण्याने हा दिवस दरवर्षी ‘पोविदला पुरीम’ म्हणून पाळला. पुरीमच्या त्रिकोणी पुडीत आलुबुखार भरण्याच्या प्रथेचा संबंध या सुटकेशी जोडला जातो. तिथे सारणावरच आरोप झाला आणि पुढे तेच सुटकेची खूण झाले.

बेने इस्राएलींवरही आळ आला, पण वेगळा. 1948 नंतर ते मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. 1962 साली तेथील प्रमुख धर्मपीठाने त्यांच्या विवाहांपूर्वी वंशाची चौकशी करण्याची अट घातली. ज्यांनी परमुलखात ग्रंथांवाचून आचार जपला, त्यांच्याकडे आता आजी-पणजीच्या कुळाचा पुरावा मागितला गेला. 1964 साली जेरुसलेममध्ये त्यांनी धरणे धरले. त्याच वर्षी, हे सर्वार्थाने ज्यू आहेत, असे तेथील संसदेने जाहीर केले आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. रहाबींना जे मासळीच्या टोपलीपाशी उमगले, ते पटवून द्यायला या लोकांना रस्त्यावर बसावे लागले.

महाराष्ट्र शासनाने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोवर कोकणातली बहुतेक ज्यू घरे रिकामी झाली होती. पुरणपोळी मात्र इस्राएलमध्येही होते, आणि तिथे ती ‘भारतीय’ ठरते. इथे तिच्याकडे पाहून कोणाला ज्यू आठवत नाहीत. दोन्हीकडे अर्धीच ओळख उरते. पाककृतींच्या वह्यांत डाळीचे आणि गुळाचे माप असते, तूप का नाही हे नसते; करणाऱ्या बाईला ते ठाऊक असते, म्हणून ती लिहीत नाही. तिच्या नातीला ते ठाऊक असेलच असे नाही. म्हणून ज्यांच्या घरी अशी वही आहे, त्यांनी मापाशेजारी कारणही लिहून ठेवावे. पुढच्या इतिहासकाराला मापापेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.