बाजेवरचे चित्रकार



घरात कोणी वर्ष-सहा महिने अंथरुणाला खिळले, म्हणजे आपण काय करतो? त्याची बाज ओसरीच्या कडेला टाकतो, वेळेवर औषध देतो, पथ्याचे जेवण वाढतो, आणि “तुम्ही काही करू नका, नुसते पडून राहा,” असे बजावतो. यात माया असते खरी. पण पडल्या पडल्या त्या माणसाला एक दुसरेच दुखणे जडते. आपण आता कोणाच्या कामाचे उरलो नाही, हे ते दुखणे. त्यावर वैद्याजवळ पुडी नसते. ज्यांनी चित्रकलेच्या आधाराने या दुसऱ्या दुखण्याला तोंड दिले, अशा तीन माणसांचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

पहिले फ्रान्सचे आंरी मातीस. १८९० साली ते वकिलाच्या कचेरीत कारकून होते. वय अवघे वीस. अपेंडिक्सच्या विकाराने ते बरेच दिवस अंथरुणावर पडले. वेळ जावा म्हणून आईने रंगपेटी आणून दिली, आणि त्या पेटीने कचेरी कायमची सुटली. पुढे ते जगप्रसिद्ध चित्रकार झाले. १९४१ साली, एकाहत्तराव्या वर्षी, त्यांच्या आतड्याच्या कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण तासन् तास उभे राहून रंगविणे संपले. मग त्यांनी हाती कात्री घेतली. मदतनिसांनी कागद रंगवून द्यावेत आणि मातीस यांनी बसल्या जागी, कधी पडल्या पडल्या, त्यांतून आकार कापावेत! व्हांस गावच्या प्रार्थनामंदिरातील रंगीत काचांच्या खिडक्या अशाच कापलेल्या कागदांवरून तयार झाल्या. ते मंदिर १९५१ साली पुरे झाले.

दुसरे इंग्लंडचे एड्रियन हिल. पहिल्या महायुद्धात रणभूमीची चित्रे काढणारे हे चित्रकार १९३८ साली क्षयाने आजारी पडले. त्या वेळी क्षयावर हुकमी औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला तो १९४३ साली. तोवर मोकळी हवा, पोषक आहार आणि महिनोन् महिने विश्रांती, हाच मुख्य उपचार. आपल्याकडे मिरजेजवळ वानलेसवाडीलाही असे आरोग्यधाम होते. हिल यांनी खाटेवरून जे दिसेल ते काढावयास सुरुवात केली. पुढे त्यांना इतर रुग्णांना शिकविण्याची विनंती झाली. त्यांत युद्धातून परतलेले जखमी शिपाईही होते. १९४२ साली त्यांनी या कामाला ‘कलोपचार’ या अर्थाचे नाव दिले. आज जगभर ते चालते.

तिसरे नाव आपल्या विदर्भाच्या मातीशी जोडलेले. वासुदेव सन्तू गायतोंडे. घराणे गोव्याचे, पण जन्म नागपूरचा, १९२४ सालचा. १९४८ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून पदविका घेऊन बाहेर पडले, आणि १९७२ नंतर दिल्लीस राहिले. मोठाले कॅनव्हास, त्यांवर रोलरने आणि सुरीने बसविलेले रंगांचे थर. वर्षाला पाच-सहाच चित्रे व्हायची, इतके ते सावकाश काम. १९८४ साली दिल्लीत रिक्षाच्या अपघातात त्यांना जबर दुखापत झाली, आणि मोठ्या कॅनव्हासशी झुंजणे काही वर्षे थांबले. मग त्यांनी काय केले? लहान कागद घेतले, शाई घेतली. १९८५ पासूनच्या त्या छोट्या रेखाटनांत रंगांचा थाट नाही, पण हात तोच आहे. पुढे ते कॅनव्हासकडे परतले. २००१ साली ते वारले. २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचे मोठे प्रदर्शन भरले.

पाहा, तिघांचे दुखणे वेगळे, देश वेगळे. पण तिघांनीही शरीराला झेपेल एवढेच साधन घेतले आणि काम चालू ठेवले. एकाने कुंचल्याऐवजी कात्री घेतली, एकाने खाटेभोवतालच्या वस्तू निवडल्या, एकाने कागद लहान केला. रंगांनी क्षय किंवा कर्करोग बरा होत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. त्याला डॉक्टरच हवा, औषधच हवे. रंगांनी एवढे झाले की, ज्याच्यासाठी सगळे दुसऱ्यांनीच करावयाचे, तो माणूस पुन्हा स्वतः काहीतरी करू लागला.

शिक्षक बंधूंनो, आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मूल वेदनेने तळमळते. पुन्हा पुन्हा शाळा बुडते. हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात आणि हळूहळू वर्ग त्याला विसरतो. अशा मुलाच्या घरी, कळ ओसरल्यावर, चार कोरे कागद आणि खडूची पेटी पाठवून पाहा. “तुझ्या बाजेवरून काय दिसते, ते काढून पाठव,” असा निरोप द्या. छपराची वळचण असेल, वखराला जुंपलेले बैल असतील, वेचणीला चाललेल्या बाया असतील. कागद आला की वर्गाच्या भिंतीवर त्याच्या नावानिशी लावा. चित्र सुबक आहे की नाही, ते पाहू नका. आपले नाव वर्गात आहे, हे त्या मुलाला कळले पाहिजे.