ठिणगी कोणाच्या घरची?

मोटारीचे नाव तिच्या दर्शनी भागावर झळकते. तिच्या सुट्या भागांचे जन्मगाव मात्र सहसा कोणी विचारीत नाही. इंग्लंडनेही ते विचारले नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी एंजिनातील इंधन पेटविणारी ठिणगी मॅग्नेटो नावाचे लहानसे यंत्र देत असे. १९०२ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे, रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात, गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाच्या विजेचा मॅग्नेटो सिद्ध केला. तो इतका भरवशाचा ठरला, की ब्रिटिश कारखानदार बहुतेक मॅग्नेटो तेथूनच मागवू लागले.

४ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले. पोलाद घरचे, कारागीर घरचे. ठिणगी तेवढी शत्रूच्या घरची निघाली! मग ती विद्या ब्रिटिश कारखान्यांना ऐन युद्धाच्या धांदलीत हस्तगत करावी लागली.

१९५१ साली बंगळूर येथे मायको कंपनी स्थापन झाली, तिलाही बॉशचेच सहकार्य होते. परंतु येथे नुसता माल आला नाही, कारखाना आला. माल कोठूनही घ्यावा. तो घडविण्याची विद्या मात्र आपल्या हाती असावी.