पोकरच्या चकत्या : जुन्याची खरी नक्कल



पोकर हा अमेरिकेंतील पत्त्यांचा खेळ. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तो न्यू ऑर्लिन्सच्या परिसरांत आकारास आला आणि मिसिसिपी नदीवरील आगबोटींतून दूरवर पसरला. या खेळांत पैशाऐवजीं लहान गोल चकत्या पणास लावतात. अशा चकत्यांचा जुन्या धर्तीचा संच आज कोणी घडवूं लागला, म्हणजे तो बहुधा रंग मळकट करतो, वर आगबोटीचें चित्र काढतो आणि मध्यभागीं ठळक आंकडा छापतो. चकती जुनी दिसूं लागते खरी. पण जुनें दिसणें निराळें आणि त्या काळाशीं प्रामाणिक असणें निराळें.

पहिला प्रश्न काळाचा. प्रारंभीं नाणीं, सोन्याचे तुकडे, फार काय सोन्याची भुकटीहि पणास लागे. हाड, लाकूड व हस्तिदंत यांच्या चकत्याहि वापरांत होत्या. १८८० च्या सुमारास माती आणि चपडा लाख यांच्या मिश्रणाच्या चकत्या कारखान्यांतून मोठ्या प्रमाणावर निघूं लागल्या. १९३० नंतर कॅटलिन या कृत्रिम राळेच्या चकमकीत चकत्याहि प्रचारांत आल्या. तेव्हां मिसिसिपीवरील जुन्या आगबोटीच्या संचांत कॅटलिनची चकती घालणें म्हणजे पेशवाईच्या नाटकांत पात्राच्या हातीं मनगटी घड्याळ बांधण्यासारखें आहे. यांतील लाखेचा संबंध आपल्याशींहि पोंचतो. त्या काळीं जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानांतून जात असे. छोटा नागपूरच्या रानांत पळस व कुसुम या झाडांवर लाखेचे किडे पोसले जात. आपल्या घरांतील ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतहि हीच लाख असे.

दुसरा प्रश्न आंकड्याचा. मातीच्या त्या जुन्या चकत्यांपैकीं पुष्कळांवर किंमत लिहिलेलीच नसे. पांढरी, तांबडी व निळी असे मुख्य रंग असत, आणि कोणत्या रंगाचें मोल किती, हें खेळणारे डाव मांडण्यापूर्वीं आपसांत ठरवीत. पांढरी सर्वांत हलकी आणि निळी सर्वांत भारी, असा सामान्य प्रघात होता. शेअरबाजारांत भरंवशाच्या मोठ्या कंपन्यांना ‘ब्लू चिप’ म्हणतात, तें नांव याच निळ्या चकतीवरून पडलें.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, तो विश्वासाचा. कारखानदारांच्या सूचिपत्रांत नमुने छापलेले असत आणि मागेल त्याला ते मिळत. मग एखाद्या ठकानें तोच नमुना विकत आणून चार चकत्या हळूच आपल्या राशींत मिसळल्या, तर त्या ओळखाव्या कशा? या भयांतून नक्षी वाढली. जुगारगृहें आपलीं आद्याक्षरें चकतीवर उमटवून घेऊं लागलीं. चकतीच्या अंगांत निराळ्या रंगाचें चित्र बसवूं लागले. कडेंत दुसऱ्या रंगाचे तुकडे घालूं लागले, म्हणजे रास रचली असतांहि परकी चकती नजरेंत भरावी. १९३१ सालीं नेव्हाडा संस्थानानें जुगारास कायद्यानें मोकळीक दिली. तेथील जुगारगृहांच्या चकत्यांवर पुढें घराचें नांव व किंमत हीं दोन्ही ठळकपणें दिसूं लागलीं. सारांश, जी आपणांस केवळ शोभा वाटते, ती मूळची पहाऱ्यासाठीं होती.

म्हणून नक्कल करणारानें आधीं साल ठरवावें, मग द्रव्य, मग रंग. आणि नक्षी सर्वांच्या शेवटीं. हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय १९८९ सालीं झाला. तेव्हां हस्तिदंती संच करावयाचा, तर दुसरें द्रव्य वापरून तसें उघड सांगावें. आणि प्रत्येक चकतीच्या मागें, लहान अक्षरांत कां होईना, ती घडविल्याचें खरें साल घालावें. नाहींतर पन्नास वर्षांनीं तीच चकती अस्सल म्हणून बाजारांत विकली जाईल. जिची नक्षीच मुळीं ठकांना अडविण्यासाठीं जन्मास आली, तिची नक्कल तरी कोणास ठकविणारी नसावी.