६५० सीसी क्रूझरची टेस्ट राइड: स्पेक शीटमधले आकडे रस्त्यावर कसे लागतात?

क्रूझर बाइकचे रिव्ह्यू आपण सगळेच यूट्यूबवर बघतो. मीही वर्षभर बघत होतो. रॉयल एनफिल्ड सुपर मीटिऑर ६५० चे सगळे आकडे मला पाठ झाले होते: ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ पीएस पॉवर, ५२.३ न्यूटन-मीटर टॉर्क, वजन २४१ किलो. जानेवारी २०२३ मध्ये ही बाइक भारतात आली, तेव्हापासून डोक्यात होती. शेवटी एका रविवारी नगरमधल्या एका शोरूममधून टेस्ट राइड घेतली आणि त्यात बाइक आडवी पाडली. वेग असेल ताशी चार-पाच किलोमीटर. चूक पूर्णपणे माझी होती. ती कशी झाली हे समजून घेतलं की बाकीचे आकडेही आपोआप समजतात, म्हणून हा लेख.

सही करण्याआधी मोबाइल काढा

आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलचं एकच लायसन्स असतं. शंभर सीसीवर चाचणी देऊन मिळवलेल्या लायसन्सवर तुम्ही कायद्याने हजार सीसीची बाइकही चालवू शकता. युरोपात असं नाही. तिथे पायऱ्या आहेत आणि मधल्या पायरीची, म्हणजे ए-२ लायसन्सची मर्यादा ३५ किलोवॉट आहे. सुपर मीटिऑरचे ४७ पीएस म्हणजे साधारण ३४.६ किलोवॉट, म्हणजे बरोबर त्या मर्यादेच्या आत. आपण जिला ‘राक्षस’ म्हणतो ती तिकडे मधल्या वर्गातली बाइक आहे. पण त्या वर्गात यायला तिकडे वेगळी चाचणी द्यावी लागते, आपल्याकडे फक्त शोरूमच्या फॉर्मवर सही.

तो फॉर्म वाचा. मी वाचला नव्हता. त्यात लिहिलेलं होतं की राइडमध्ये झालेलं नुकसान चालवणारा भरून देईल. वाचला असता तरी सही केलीच असती, पण निदान विचारलं असतं की डेमो बाइकचा विमा कोणता आहे, थर्ड पार्टी की पूर्ण. बाइकला नंबर पडलेला असेल तर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये तो टाका, विमा कधीपर्यंत चालू आहे ते एका मिनिटात दिसतं. तुमचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये असेल तर तेही चालतं, पाकीट विसरलात तरी राइड अडत नाही. हेल्मेट मात्र स्वतःचं न्या. शोरूममधलं कुणाच्या डोक्यातून उतरलेलं असतं कुणास ठाऊक.

पॉवर: इथे घाबरायचं कारण नाही

निघालो, मनमाड रोडला लागलो. पहिली गंमत आवाजाची. दोन सिलिंडर असले तरी त्यांचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. क्रँकच्या दोन पिना एकमेकींपासून २७० अंशांवर बसवलेल्या आहेत, त्यामुळे एक स्फोट, मग २७० अंशांनी दुसरा, मग ४५० अंशांची लांब उसंत. कानाला ते लंगडत पळणाऱ्या घोड्यासारखं लागतं. सारख्या अंतराने फुटणारं इंजिन जास्त गुळगुळीत वाटेल, पण क्रूझर घेणाऱ्याला गुळगुळीत आवाज नकोच असतो.

आता पॉवर. माझ्या मित्राकडे केटीएम ३९० ड्यूक आहे, आपल्या चाकणला बनणारी. तिची पॉवर ४६ पीएस, वजन १६८ किलो. म्हणजे पॉवर जवळपास तेवढीच, वजन मात्र ७३ किलोंनी कमी. एका टनामागे हिशेब केला तर ड्यूकला सुमारे २७४ पीएस मिळतात, सुपर मीटिऑरला १९५. त्यामुळे सिग्नलवरून सुटताना क्रूझर अंगावर येत नाही. तिचा जोर टॉर्कमध्ये आहे. ड्यूकचा टॉर्क ३९ न्यूटन-मीटर, तोही ६५०० आरपीएमला. इथे ५२.३, आणि ५६५० आरपीएमला. गिअर न बदलता चौथ्यात ट्रक ओलांडला जातो. नागापूर एमआयडीसीच्या पुढे विळद घाटाच्या बाजूला मी तेच केलं आणि हेल्मेटच्या आत हसलो.

तोपर्यंत मी मनात कर्जाचा हप्ता मोजत होतो. (सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्यावर ४० टक्के आहे, त्यामुळे हप्ता मोजायला वेळ लागतो.)

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. बाइक आणि सत्तर किलोचा मी मिळून ३११ किलो. ताशी ६० ला या वजनात जेवढी ऊर्जा साठते, त्याच्या पावणेदोन पटीपेक्षा थोडी जास्त ताशी ८० ला साठते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८० ला एक सेकंद दचकण्यात गेला तर तेवढ्यात २२ मीटर रस्ता मागे पडतो. एमआयडीसीतून शिफ्ट सुटते तेव्हा २२ मीटरमध्ये चार सायकली आणि एक पिकअप आडवा येतो.

वजन: इथे घाबरा

परत यायला यू-टर्न घ्यायचा होता. दुभाजकाच्या फटीत बारीक खडी पसरलेली होती. मी माझ्या दीडशे सीसीच्या सवयीने वळलो. समोरून टमटम आला, हँडल पूर्ण वळलेलं असतानाच बोटं आपोआप पुढच्या ब्रेकवर गेली. बाइक जागेवर थांबली, पाय खडीवर घसरला आणि मग ती हळूहळू, अगदी निवांत आडवी झाली. मी तिला धरून ठेवायचा प्रयत्न केला. तो गणिताच्या विरुद्ध होता.

गणित असं. बाइकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आहे असं ढोबळ धरू. तुम्ही तिला ०.९ मीटरवर, म्हणजे हँडलच्या आसपास धरलंय. बाइक ५ अंश कलली तर तुम्हाला साधारण १२ किलोचा जोर लावावा लागतो. काहीच वाटत नाही. १५ अंश कलली की तो जोर ३५ किलो होतो आणि ३० अंशांना ६७ किलो. म्हणजे पहिल्या क्षणी सावरता येते, अर्ध्या सेकंदाने येत नाही. दीडशे किलोच्या बाइकला हीच वेळ १५ अंशांना येते तेव्हा २२ किलोच लागतात, म्हणून आपल्याला वाटत राहतं की पायाने सगळं सावरतं.

एबीएसचं काय? बाइकला दोन्ही चाकांना एबीएस आहे आणि १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या बाइकना ते २०१९ पासून सक्तीचंच आहे. पण चालण्याच्या वेगाला एबीएस काही करत नाही. ते चाक लॉक होऊ नये म्हणून आहे, बाइक पडू नये म्हणून नाही.

शोरूमचा मुलगा मागून स्कूटरवर येतच होता. “दादा, एकट्याने नका उचलू, पाठ जाईल,” म्हणत धावत आला. आम्ही आधी इंजिनचं बटण बंद केलं, गिअरमध्ये टाकली, मग पाठ सीटला लावून, एक हात हँडलला आणि एक मागच्या फ्रेमला धरून पायांच्या जोराने मागे ढकलत उभी केली. समोरून वाकून ओढायची नसते. क्लचचा लिव्हर वाकला होता आणि इंडिकेटरला ओरखडा होता. पैसे मी भरले. फॉर्मवर सही होती ना.

बरोबर पद्धत मुलाने तिथेच दाखवली: संथ वळणात पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, क्लच अर्धा धरून थोडा थ्रॉटल चालू ठेवायचा, वेग मागच्या ब्रेकने ओढून धरायचा आणि नजर खाली खडीकडे नाही तर जिकडे जायचंय तिकडे. दुसऱ्यांदा वळलो, झालं. तेव्हा टेस्ट राइड घ्याल तर पहिली पाच मिनिटं मोकळ्या जागेत नुसते यू-टर्न मागून घ्या. हायवेवर ८० ची हौस कोणतीही बाइक भागवते.

बसण्याची पद्धत आणि स्पीडब्रेकर

सीट फक्त ७४० मिलिमीटर उंच आहे, त्यामुळे माझ्यासारख्या पाच फूट पाचचे दोन्ही तळवे जमिनीला टेकतात. याची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. पाय पुढे असल्याने खड्ड्यात पायांवर उभं राहता येत नाही, दणका सरळ मणक्यात. मागच्या चाकाला वर-खाली व्हायला १०१ मिलिमीटरच जागा आहे. पोटाखाली १३५ मिलिमीटर. गावाकडे ग्रामपंचायतीने हौसेने घातलेले स्पीडब्रेकर आठवा आणि मागे कुणाला तरी बसवूनच त्यावरून एकदा जाऊन बघा. एकट्याने घेतलेली टेस्ट राइड अर्धीच.

मोबाइल हँडलला लावताय?

हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅपलने स्वतः सांगितलं की मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या कंपनांमुळे आयफोनचा कॅमेरा कालांतराने बिघडू शकतो. कारण कॅमेऱ्यातली फोटो स्थिर करणारी ओआयएस यंत्रणा. तिच्यात भिंग बारीक हालचाल करत असतं आणि सततची थरथर त्यालाच त्रास देते. ओआयएस असलेला अँड्रॉइडही याला अपवाद मानू नका. होल्डर घेतलाच तर कंपन शोषणारा घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवून ट्रिपर नेव्हिगेशनच्या छोट्या डायलवर बाण बघा. टेस्ट राइडचं शूटिंग करायचं असेल तर मित्राला मागून करायला सांगा.

आपल्या गावातच खरी टेस्ट होते

नगरकरांसाठी एक जाता जाता. आपण जी घेतो ती चक्कर. खरी टेस्ट बाइक विक्रीला येण्याआधीच होते. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमानुसार प्रत्येक नव्या मॉडेलचा नमुना सरकारमान्य संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो, आणि त्या यादीत पुण्याच्या एआरएआयबरोबर आपली व्हीआरडीई आहे, डीआरडीओची वाहन संशोधन संस्था. ब्रेक, धूर, आवाज हे तिथले लोक मोजून ठरवतात. पण तुमच्या उंचीला, तुमच्या मनगटाला आणि तुमच्या गल्लीला ती बाइक झेपेल का, हे त्या प्रमाणपत्रात नसतं.

गल्लीवरून आठवलं. आमच्या घरासमोर रस्त्याकडे उतार आहे. फोनमधलं लेव्हल अ‍ॅप जमिनीवर ठेवून मोजला, ६ अंश भरला. बाइक आत लावली तर काही नाही, उतारावरून मागे बाहेर येईल. पण पाणी साचतं म्हणून आम्ही गाड्या उलट्या लावतो, म्हणजे रोज संध्याकाळी चढावर मागे ढकलायची. २४१ किलोला ६ अंशांवर सुमारे २५ किलोचा जोर लागतो, चाकांचं घर्षण वेगळं, आणि रिव्हर्स गिअर नाही. शोरूमवाल्यांना पुन्हा फोन केला. लिव्हर प्रकरणानंतरही त्यांनी डेमो बाइक घरी आणायला होकार दिलाय. शनिवारी ढकलून बघतो.